शेक्सपिअरचं ११६वं सुनीत: गाइडं सोडून काय वाचू?

तिसरा_बाक

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४३. बी.कॉम. झालं, मग वीस वर्षं हिशेब लिहिले आणि आता हौसेनं बाहेरून एम.ए. इंग्रजी करतेय. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी कविता म्हटलं की अजूनही पोटात गोळा येतो. शेक्सपिअरच्या ११६व्या सुनीतावर (म्हणजे सॉनेटवर) दीड हजार शब्दांचा स्वाध्याय द्यायचाय. तेच ते, 'लेट मी नॉट टू द मॅरेज ऑफ ट्रू माइंड्स'.

चार गाइडं वाचली, सात-आठ व्हिडिओ बघितले. सगळीकडे एकच रेकॉर्ड: खरं प्रेम चिरंतन असतं, कवीनं त्याला दीपस्तंभाची आणि ताऱ्याची उपमा दिली आहे, काळाचं मानवीकरण केलं आहे. मीही तेच जरा फिरवून लिहिलं आणि पहिला खर्डा पाठवला. परत आला तेव्हा पहिल्या पानावर सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "हे वाक्य कुठल्याही प्रेमकवितेला चालेल." आणि तिसऱ्या पानावर, जिथे मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की पाचव्या ओळीत नऊच अक्षरं असल्यामुळे वृत्तभंग होतो, तिथे दोनच शब्द: "परत मोजा."

परत मोजली. बोटांवर, तीनदा. ओ, नो, इट, इज, ॲन, ए, व्हर, फिक्स्ड, मार्क. नऊच येतात. आयुष्यभर बेरजा केल्यात हो मी!

तर विचारायचं हे की,

एकच पुस्तक विकत घ्यायचं तर कुठलं? बाकीचं फुकटात काय मिळेल?

पहिल्याच वाक्यात 'इम्पेडिमेंट्स' असा सरकारी वाटणारा शब्द का? प्रेमकवितेत तो खड्यासारखा लागतो.

आठव्या ओळीचा अर्थ कोणी समजावेल का? ताऱ्याची किंमत माहीत नाही, पण उंची मोजली आहे, असं काहीतरी आहे. गाइडं तिथून अलगद सटकतात.

तीन आठवडे हातात आहेत.

भरपूर_वेळ

ताई, एवढं कशाला डोकं लावताय? दहा मिनिटांचा ॲनिमेशनवाला व्हिडिओ आहे, त्यात सगळं येतं. पासिंगपुरतं होतं.

तिसरा_बाक

तो बघितला. त्यातूनच दीपस्तंभ उचलला होता. 🙂

जुनी_पाटी

तिसरा बाक, तुमच्या सरांचे पेन्सिलीचे शेरे वाचून बरं वाटलं. अशी माणसं कमी झाली.

मी हे सुनीत बत्तीस वर्षं शिकवलं आणि त्यातली पहिली दहा वर्षं चुकीचं शिकवलं. चुकीचं म्हणजे, गोड शिकवलं. प्रेमाची महती, शाश्वत प्रेम, फळाभर उपमांची यादी. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, याला प्रेमाबद्दल एवढं चांगलं वाटतंय, तर हा सारखा 'नाही नाही' का करतोय?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन मोजलं. तुम्हीही मोजा, आकडा मी सांगणार नाही. चौदा ओळींच्या मानानं फार आहेत एवढंच सांगते.

म्हणून माझं पहिलं साधन पुस्तक नाहीच. एक कोरा कागद घ्या, चौदा ओळी स्वतःच्या हातानं उतरवा, दोन ओळींत बोटभर जागा सोडा. छापील मजकुरावरून डोळा घसरतो, हातानं लिहिताना घसरत नाही. मग 'नॉट', 'नो', 'नेव्हर', 'नॉर' सगळ्यांना लाल गोल करा. पुढे, एकच शब्द रूप बदलून पुन्हा येतो अशा जोड्या दुसऱ्या रंगानं जोडा. दुसऱ्या ते चौथ्या ओळीत 'लव्ह–लव्ह', 'ऑल्टर्स–ऑल्टरेशन', 'रिमूव्हर–रिमूव्ह' अशा तीन लागोपाठ सापडतील. हे सजवणं नाही. समोरचा माणूस जे शब्द बोलला तेच उचलून त्याच्या तोंडावर परत मारणं आहे. भांडणात आपण करतो ना? "परिस्थिती बदलली म्हणतोस? बदलली म्हणून बदलतं ते प्रेम कसलं?" त्या चालीवर वाचून बघा.

हे डोकं माझं नाही, हेही सांगून टाकते. हेलन व्हेंडलर या अमेरिकन समीक्षिकेनं १९९७ साली सगळ्या १५४ सुनीतांवर एकेक निबंध असलेला जाडजूड ग्रंथ काढला. त्यात ११६व्याबद्दल तिचं म्हणणं असं, की ही प्रेमाची व्याख्या नाही, हे प्रत्युत्तर आहे. कोणीतरी आधी म्हणालंय की "एके काळी होतं प्रेम, आता अडचणी आल्या", आणि कवी त्याचा मुद्दा मुद्द्यानं खोडतोय. मला तो निबंध हाती लागला तेव्हा त्या मुलीची आठवण झाली. ग्रंथालयात मिळाला तर तेवढी चार-पाच पानं वाचा, विकत घेऊ नका.

आता तुमची पाचवी ओळ. तुमची बेरीज बरोबर आहे, उच्चार आजचा आहे. 'फिक्स्ड' तिथे 'फिक्-सेड' असा दोन तुकड्यांत म्हणायचा. शेक्सपिअरच्या काळात हा 'एड' गरजेप्रमाणे फोडून म्हणत किंवा गिळून टाकत. चांगल्या आवृत्तीत त्या 'ई'वर तिरकी रेघ असते, गाइडात ती छपाईत उडते आणि मग तुमच्यासारख्या हिशेबी बाईला कवीची चूक सापडते! बाराव्या ओळीत उलटं आहे, तिथे 'ईव्हन' एकाच घासात, 'ईन' असा. सातव्या ओळीत 'वाँडरिंग' दोनच अक्षरांचा. १६०९च्या छापील प्रतीत तो मधला 'ई' न घालताच छापलाय.

पण मोजणीवर थांबू नका. आपल्याला लघु-गुरूची सवय, म्हणजे अक्षर म्हणायला किती वेळ लागतो ते बघायची. इंग्रजीत आघात बघायचा. दहा अक्षरं, दोन-दोनच्या पाच जोड्या, जोडीतल्या दुसऱ्यावर जोर. मराठीत सुनीत आलं तेव्हा केशवसुतांनी त्याला 'चतुर्दशक' म्हटलं आणि पुढे आपल्याकडे ते बहुतेक शार्दूलविक्रीडितात लिहिलं गेलं. चौदा ओळी आल्या, चाल वेगळी झाली. त्यामुळे शार्दूलविक्रीडित कानात घेऊन हे वाचलंत तर ठेच लागणारच. पहिली ओळ वृत्ताप्रमाणे ताणून म्हणा: 'लेट मी नॉट टू...', जोर 'मी'वर पडतो. "तू मान्य कर हवं तर, मला करायला लावू नकोस." बोलण्याच्या ओघात म्हटलं तर जोर 'नॉट'वर जातो. दोन्ही मोठ्यानं म्हणा आणि तुम्हाला कुठलं पटतं ते स्वाध्यायात कारणासकट लिहा. त्याला गुण मिळतात, निदान मी देत असे.

'इम्पेडिमेंट्स' सरकारी नाही, चर्चमधला आहे. इंग्लंडच्या चर्चचं जे प्रार्थनापुस्तक १५५९ पासून चालू होतं, त्यातल्या लग्नविधीत पाद्री वधूवरांना बजावतो की दोघांपैकी कोणाला काही 'इम्पेडिमेंट' ठाऊक असेल तर आत्ताच कबूल करा. रविवारी चर्चला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून तो शब्द गेलेला. म्हणजे कवी पहिल्या दीड ओळीतच आपल्याला लग्नमंडपात उभं करतो, 'कोणाची हरकत आहे का' या क्षणी, आणि स्वतःच म्हणतो, माझ्याकडून हरकत येणार नाही. आता गंमत बघा. पाद्र्याचं तेच वाक्य 'न्यायनिवाड्याच्या भयंकर दिवशी जसं उत्तर द्याल तसं सांगा' अशा बजावणीनं सुरू होतं. आणि बाराव्या ओळीत काय आहे? 'एज ऑफ डूम'. 'डूम' म्हणजे तोच दिवस. एकाच वाक्यातले दोन शब्द, एक कवितेच्या दारात, एक पार मागच्या भिंतीशी. शिवाय त्याच विधीतली वधूवरांची शपथ मरणापाशी संपते. कवीचं प्रेम मरणाच्याही पुढे, निवाड्याच्या दिवसापर्यंत टिकतं. चर्चपेक्षा याची अट कडक!

हे प्रार्थनापुस्तक जुन्या स्पेलिंगसकट इंटरनेटवर फुकट आहे. लग्नाचा विधी तेवढा काढून वाचा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही गाइडापेक्षा जास्त उपयोगाचं.

आता पुस्तकं. एकच घ्यायचं तर आर्डन मालिकेतली कॅथरीन डंकन-जोन्स यांची आवृत्ती घ्या. कारण अगदी घरगुती आहे: टिपा समोरच्याच पानावर, सारखं मागे जाऊन चाळावं लागत नाही. स्टीफन बूथची १९७७ची आवृत्तीही थोर. एका बाजूला १६०९च्या पानाचं छायाचित्र, समोर आजच्या स्पेलिंगात कविता, आणि मागे चारशेच्या आसपास पानं टिपा. पण बूथ एका शब्दाचे पाच अर्थ देतो आणि पाचही एकदम खरे आहेत म्हणतो. वाचायला मजा, सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र कपाटात बंद ठेवावा.

फुकटात: फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीच्या संकेतस्थळावर सगळी सुनीतं नीट संपादित केलेली आहेत. शब्दांसाठी अलेक्झांडर श्मिट या जर्मन पंडितानं १८७०च्या दशकात शेक्सपिअरच्या शब्दांचा कोश केला, तो जुना झाल्यानं इंटरनेटवर मोकळा आहे. त्यात 'कंपस' काढा, 'रिमूव्ह' काढा, 'एरर' काढा. आजच्या शब्दकोशात 'कंपस' पाहिला की होकायंत्र हाती लागतं आणि माणूस भरकटतो. दहाव्या ओळीत तो काळाच्या हातातल्या विळ्याच्या फिरण्याचा घेर आहे, म्हणजे हात फिरवल्यावर विळा जिथवर पोचतो तो टापू. गलबत आणि तारा नुकतेच येऊन गेलेत म्हणून होकायंत्राचा भास होतो, आणि तो कवीनं होऊ दिलाय. पण आधी घेर, मग भास.

१६०९च्या मूळ छपाईची छायाचित्रंही बघा. थॉमस थॉर्पनं छापवलेलं ते पुस्तक, आज जगात त्याच्या तेरा प्रती उरल्यात. तिथे हे सुनीत शोधताना गोंधळाल, कारण त्याच्या डोक्यावर आकडा ११९ छापलाय! खिळे जुळवणाऱ्यानं ६चा खिळा उलटा लावला असावा. चुकीबद्दल कवी शपथेवर बोलतो त्याच कवितेला छापखान्याची चूक चिकटावी, याचं मला दर वेळी हसू येतं.

आणि ऐकायला: पॅट्रिक स्ट्यूअर्ट या नटानं मार्च २०२०मध्ये, सगळे घरात कोंडले गेले होते तेव्हा, घरी बसून हेच सुनीत वाचून टाकलं. ते लोकांना इतकं आवडलं की मग त्यानं रोज एक सुनीत वाचायचा नेम धरला. ऐका, तो व्याख्यान देत नाही, समजूत घालतो. त्यानंतर बेन क्रिस्टल या नटाचं शेक्सपिअरच्या काळच्या उच्चारातलं वाचन ऐका. शेवटच्या दोन ओळींत 'प्रूव्ड' आणि 'लव्ह्ड' आज जुळत नाहीत, त्या उच्चारात दोन्हीकडे स्वर सारखाच आखूड आणि यमक टाळी द्यावी तसं बसतं. 'कम' आणि 'डूम'चंही तेच. "शेक्सपिअरची यमकं ओढूनताणून आहेत" असं एका गाइडात असतं, तेवढं कृपा करून लिहू नका.

ताऱ्याबद्दल मी बोलत नाही. इथे एक जण आहेत ते सांगतील. डेककाका, आहात का?

डेककाका

आहे, आहे. पाटीबाई, तुमचं बोलावणं आलं म्हणजे यावंच लागतं.

मी कवितेतला माणूस नाही. सत्तावीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. तारे मोजायची वेळ माझ्या काळातही कमी होत चालली होती, पण परीक्षेला होतं आणि आमचे एक जुने कॅप्टन रोज संध्याकाळी करायलाच लावत. त्यामुळे ही आठवी ओळ मला कोणी समजावली नाही, वाचली तशी कळली. 'हाइट बी टेकन'. ताऱ्याची उंची घेणं. दर्यावर्दी अजून तसंच म्हणतो. ही उंची फुटांत नसते, अंशांत असते: क्षितिजापासून तारा किती वर आहे तो कोन.

काम असं चालतं. सूर्य बुडून गेला, पण क्षितिजाची रेघ अजून दिसतेय आणि तारे उमटायला लागलेत, एवढी जेमतेम वीसेक मिनिटं हातात असतात. ध्रुव फार तेजस्वी नाही, नुसत्या डोळ्यांनी त्या उजेडात सापडत नाही. म्हणून आपण साधारण कुठल्या अक्षांशावर आहोत तेवढा कोन सेक्स्टंटवर, म्हणजे कोन मोजायच्या यंत्रावर, आधीच लावायचा आणि उत्तरेला क्षितिजाकडे दुर्बीण धरायची. आरशातून तारा खाली उतरून रेघेजवळ बारीक टिंबासारखा दिसतो. मग हातातलं यंत्र हलकेच डावी-उजवीकडे झुलवायचं. तारा पाळण्यासारखा कमानीत फिरतो. कमानीचा तळ रेघेला नुसता टेकला पाहिजे, बुडता कामा नये. टेकला की "मार्क" म्हणून ओरडायचं, दुसरा माणूस घड्याळ लिहून घेतो. ध्रुवाची उंची म्हणजे जवळजवळ आपला अक्षांश. जहाज कुठे आहे त्याचं अर्धं उत्तर मिळालं.

शेक्सपिअरच्या वेळी सेक्स्टंट नव्हता, तो अठराव्या शतकातला. तेव्हा क्रॉस-स्टाफ असे. एक लांब काठी, तिच्यावर सरकणारी आडवी पट्टी. काठीचं टोक डोळ्याशी धरायचं, पट्टीचं खालचं टोक क्षितिजाला, वरचं ताऱ्याला लावायचं आणि काठीवरचा आकडा वाचायचा. हलत्या डेकवर. त्या लोकांना माझा दंडवत.

म्हणून ओळीचा अर्थ मला असा लागतो. उंची हा आकडा आहे, तो मी घेऊ शकतो, त्यावर जहाज चालवू शकतो. पण तारा म्हणजे काय, त्याचं मोल काय, हे त्या आकड्यात येत नाही. मी शेकड्यांनी उंच्या घेतल्या, तारा आहे तिथेच. तिसरा बाक, तुम्ही हिशेबातल्या आहात, तुम्हाला हे आमच्यापेक्षा लवकर कळेल. वहीत जे उतरतं ते आणि मालाची खरी किंमत या दोन गोष्टी.

आणखी दोन खोड्या काढतो. एक, आपण ध्रुवाला अढळपद दिलंय, पण तो खगोलध्रुवावर, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं तिथे, बरोबर बसलेला नाही. आज पाऊण अंशाच्या आत आहे, पण १६०९च्या सुमारास जवळजवळ तीन अंश बाजूला होता आणि रात्रभर त्या बिंदूभोवती छोटं वर्तुळ काढायचा. एक अंश म्हणजे साठ सागरी मैल. न सुधारता आकडा घेतला तर गलबत दीडशे मैल चुकू शकायचं. तेव्हाच्या नावाड्यांना हे ठाऊक होतं, ते बाजूचे तारे बघून आकड्यात भर-वजाबाकी करत. कवीला ठाऊक होतं का, ते पाटीबाई जाणोत. दोन, सातव्या ओळीत 'एव्हरी वाँडरिंग बार्क', प्रत्येक भटकं गलबत म्हणे! विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेलात की ध्रुव बुडतो. तिथल्या गलबतांनी प्रेम कशावर करायचं?

राहता राहिला दीपस्तंभ. पाचव्या ओळीत शब्द 'मार्क' आहे, म्हणजे खूण. त्या काळी इंग्लंडच्या किनाऱ्यावर दिवे मोजकेच, खरी भिस्त दिवसा दिसणाऱ्या खुणांवर: चर्चचा मनोरा, टेकडीवरची झाडं, मुद्दाम उभारलेला खांब. ट्रिनिटी हाउस नावाच्या संस्थेला १५१४ची राजसनद आहे आणि १५६६च्या कायद्यानं अशा खुणा उभारायचा अधिकार तिला मिळाला. म्हणून दीपस्तंभ लिहिण्यापेक्षा 'दर्यावरची खूण' लिहा. उजेड तिच्यात असेलच असं नाही, पण ती जागची हलत नाही, आणि ओळीला तेवढंच हवंय.

जुनी_पाटी

काका, खुणेला पुरावा देते. 'कोरिओलेनस' नाटकाच्या पाचव्या अंकात बाप लहान मुलाला आशीर्वाद देताना म्हणतो, युद्धात सी-मार्कसारखा उभा राहा, प्रत्येक झोत अंगावर घेत, आणि तुझ्याकडे बघणाऱ्यांना वाचव. तिसरा बाक, ही तुलना स्वाध्यायात घाला, ती गाइडात नाही.

उलटा_प्रश्न

सगळे लग्न-लग्न करताय म्हणून विचारतो. पहिली १२६ सुनीतं एका तरुण पुरुषाला उद्देशून आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात ना? मग हे लग्नात वाचायची पद्धत कशी पडली? आणि खरं सांगायचं तर मला ही कविता जरा आढ्यतेखोर वाटते. १३०व्यात कवी निदान थट्टा तरी करतो. इथे शेवटी "मी चुकलो असेन तर मी कधी लिहिलंच नाही" म्हणजे काय? लिहिलेलं समोर दिसतंय की! हा युक्तिवाद आहे का दमदाटी?

जुनी_पाटी

दमदाटी आहे, मान्य. 'एरर', 'प्रूव्ड' हे कोर्टातले शब्द आहेत. आरोपी उभा राहून म्हणतो, सिद्ध करा. आणि पैज अशी लावतो की हरूच शकत नाही. ज्याची बाजू भक्कम असते तो इतका जोर लावत नाही, असं मला हल्ली वाटतं. चाळिशीत असताना वाटत नव्हतं. आढ्यता म्हणा, मला त्यात घाबरलेला माणूस दिसतो.

पुरुष की स्त्री, हे या चौदा ओळींत कुठेच नाही. 'हिज' दोनदा आहे, पण एकदा ताऱ्याला आणि एकदा काळाला... थांबा, अकराव्या ओळीतही आहे, म्हणजे तीनदा, आणि तोही काळच. त्या वेळी 'इट्स'च्या जागी सर्रास 'हिज' वापरत. मनाशी मनाचं लग्न म्हटलंय, त्यामुळे कोणीही वाचावं. १३०वं मलाही जास्त आवडतं, पण स्वाध्याय ११६वर आहे.

तिसरा_बाक

उशिरा आले, माफ करा. महिनाअखेर होती.

कागदावर उतरवलं. लाल गोल नऊ झाले, 'अननोन'मधला 'अन' धरला तर दहा. पण मला दुसरंच दिसलं. गोल कवितेभर पसरलेत, शेवटच्या ओळीत तर एकदम तीन. आणि पाच ते आठ ओळींत मात्र दोनदा 'इट इज' आलंय. म्हणजे सगळ्या कवितेत "प्रेम म्हणजे हे" असं तो सरळ दोनदाच सांगतो, खूण आणि तारा, आणि दोन्ही वेळा समुद्रावर जाऊन. जमिनीवर असताना नुसतं नाही-नाही. बरोबर आहे का हे, की मी ओढून ताणतेय?

अजून एक. चौथ्या ओळीत 'बेंड्स' आहे, खरं प्रेम वाकत नाही म्हणून. आणि दहाव्या ओळीत विळा 'बेंडिंग' आहे. वाकडा विळा. हे मुद्दाम केलंय ना?

डेककाका, 'किंमत आणि वहीतला आकडा' हे वाक्य मी थोडं बदलून चोरतेय. तुमच्या नावावर घालता येत नाही, पण मनातल्या मनात घातलंय.

भाषांतर करून बघितलं, स्वाध्यायासाठी नाही, स्वतःसाठी. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपुरतं: "बदल दिसला की बदलतं, ते प्रेम नव्हेच." चौथ्या ओळीला अडकले. 'रिमूव्हर' म्हणजे निघून जाणारा की काढून टाकणारा?

जुनी_पाटी

ओढून ताणत नाही आहात. लिहा. वाकड्या विळ्याचंही लिहा, त्यावर एक अख्खा परिच्छेद होतो. 'रिमूव्हर'ला दोन्ही अर्थ लागतात. माझं मत जागा सोडून जाणाऱ्याकडे झुकतं, कारण पुढे लगेच न हलणारी खूण येते. "जाणाऱ्याच्या पाठोपाठ जायला निघतं" असं काहीसं. मराठीत 'प्रेम उठून गेलं' म्हणतात तेवढं जवळ जातं. आर्डनच्या टिपेशी ताडून बघा आणि माझ्याशी भांडायला या.

पाचवी ओळ परत मोजलीत का?

तिसरा_बाक

मोजली. फिक्-सेड धरून दहा. सरांना तसं लिहून कळवलं, त्यांनी फक्त बरोबरची खूण केली.

पण मग हुरूप आला म्हणून सगळ्याच मोजल्या, तर सहावी अकरा येतेय! आणि आठवीही. 'शेकन', 'टेकन'. आता हे कुठे गिळायचं?

जुनी_पाटी

कुठेच नाही. ती अकराच आहेत. शेवटी एक बिनआघाताचं अक्षर जास्तीचं लोंबतं ठेवायची मुभा असते, तो प्रकार आहे. सगळ्या कवितेत ती मुभा त्यानं त्या दोनच ओळींत घेतलीय. 'कधीच हलत नाही' असं सांगणारी ओळ मोठ्यानं म्हणा आणि शेवटी काय होतं ते ऐका.

तिसरा_बाक

हलते.

डेककाका

समुद्रावर सगळंच हलतं हो.